यीस्ट-कार्बन डाय-ऑक्साइड संच, मत्स्यालयातील

मत्स्यालयात लावलेल्या जलवनस्पतींना प्रकाशसंश्लेषणासाठी (प्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांपासून कार्बोहायड्रेटे तयार करण्यासाठी) लागणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू साखरेच्या किण्वनाने (आंबण्याच्या क्रियेने) निर्माण करून तो पाण्यात सतत सोडण्याची घरगुती योजना. साखर, पाणी आणि पाव फुगविण्यासाठी वापरतात ते यीस्ट एका बाटलीत घालावयाचे व बाटलीच्या झाकणातून काढलेल्या नळीने वायू टाकीत न्यावयाचा, एवढेच तिचे मूळ स्वरूप आहे. ती उभारण्यास अर्धा तास पुरतो. परंतु यीस्ट सजीव असल्याने वायूची निर्मिती कधी वाढते, कधी मंदावते व ती हवी तेव्हा थांबविता येत नाही. यामुळे या योजनेतील खरे काम संच उभारण्याचे नसून तो महिनोन् महिने एकसारखा चालू ठेवण्याचे आहे. वनस्पतींची वाढ व माशांचे प्राण ही दोन्ही या एकसारखेपणावर अवलंबून असतात.

किण्वनातून निघणारा वायू पाण्यात मिसळण्याची कल्पना जुनी आहे. किण्वनात बाहेर पडणारा वायू म्हणजे चुनखडीत बद्ध असलेला वायूच होय, हे जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास दाखविले होते. जोसेफ प्रीस्टली हे १७६७ साली इंग्लंडमधील लीड्झ येथे राहावयास गेले तेव्हा त्यांच्या घराला लागूनच बिअर तयार करण्याचा कारखाना होता. तेथील आंबणाऱ्या रसाच्या पिंपांवर साचलेल्या वायूत त्यांनी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतून ते वायुयुक्त केले आणि या विषयावरील आपली पुस्तिका १७७२ साली प्रसिद्ध केली. आजच्या सोडावॉटरचा उगम या प्रयोगांत आहे. पुढे यान इंगेनहाउस यांनी १७७९ साली पाण्यातील पाने केवळ उजेडातच ऑक्सिजनाचे बुडबुडे सोडतात हे दाखविले, तर जिनीव्हाचे झां सेनेब्ये यांनी १७८२ साली, पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड नसेल तर हे बुडबुडे निघत नाहीत, असे निदर्शनास आणले. म्हणजे ज्या दोन क्रियांची सांगड हा संच घालतो त्या दोन्ही अठरावे शतक संपण्यापूर्वीच ज्ञात झाल्या होत्या. घरगुती मत्स्यालयासाठी यीस्टच्या बाटलीचा वापर मात्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रूढ झाला. वनस्पतिप्रधान मत्स्यालयांचा छंद तेव्हा जर्मनी, नेदर्लंड्स व जपान या देशांतून इतरत्र पसरत होता. जपानमधील नीगाता येथील ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी रचलेल्या टाक्यांच्या छायाचित्रांमुळे त्याला जगभर चाहते मिळाले. अशा टाक्यांना दाबाखालील वायूचे सिलिंडर वापरीत. ज्यांना ते परवडत नसे किंवा मिळत नसे त्यांनी यीस्टचा आश्रय घेतला.

वनस्पतींची गरज : उघड्या हवेशी समतोल साधलेल्या २५° से. तापमानाच्या एक लिटर पाण्यात केवळ ०.६ मिग्रॅ. च्या आसपास कार्बन डाय-ऑक्साइड विरघळलेला असतो. शिवाय पाण्यात या वायूचे विसरण (रेणू आपोआप पसरण्याची क्रिया) हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. पानाला लागून असलेल्या पाण्याच्या स्थिर थरातील वायू पान वापरून टाकते व नवा वायू तेथे सावकाश पोहोचतो. म्हणून तीव्र प्रकाश व भरपूर पोषकद्रव्ये असूनही पाण्याखालील वनस्पतीची कार्बनाअभावी उपासमार होऊ शकते.

सर्व वनस्पतींवर हा प्रसंग सारखा येत नाही. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, एलोडिया यांसारख्या खऱ्या जलवनस्पती पाण्यातील बायकार्बोनेटापासूनही कार्बन मिळवू शकतात. जलीय शेवाळी (मॉस) व अनेक पाणथळ वनस्पती यांना ते साधत नाही. त्यांना मुक्त कार्बन डाय-ऑक्साइडच लागतो. मत्स्यालयाची शोभा वाढविणाऱ्या बहुतेक जाती या दुसऱ्या गटातील आहेत. क्रिप्टोकोरीन, एकिनोडोरस, रोटाला या वंशांतील वनस्पती निसर्गात वर्षाचा काही काळ पाण्याबाहेर पाने काढून वाढतात. क्रिप्टोकोरीन वंशाच्या काही जाती कोकणातील ओढ्यांतही आढळतात. तेथील झिरपणाऱ्या भूजलात कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण हवेशी समतोल साधलेल्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. बंद काचेच्या टाकीत ही सोय नसते.

मत्स्यालयात दर लिटरला १५ ते ३० मिग्रॅ. हे प्रमाण सामान्यतः इष्ट मानतात. डेन्मार्कमधील ट्रोल्स अँडरसन व ओले पेडरसन यांनी रिक्सिया फ्लुइटन्स या जातीवर केलेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, कमी प्रकाशातही कार्बन डाय-ऑक्साइड वाढविल्यास वनस्पतीची वाढ सुधारते असे दिसून आले. वायू मुबलक असला म्हणजे वनस्पतीला तो पकडण्यासाठी लागणाऱ्या एंझाइमांवर कमी शक्ती खर्चावी लागते व ती प्रकाश ग्रहण करण्याकडे वळविता येते. याचीच दुसरी बाजू अशी की, वायूचे प्रमाण वरचेवर बदलत राहिल्यास वनस्पतीला ही अंतर्गत जुळवाजुळव पुनःपुन्हा करावी लागते आणि तिला काही दिवस लागतात. तेवढ्या अवधीत शैवले फोफावतात. पानांच्या कडांवर कुंचल्याच्या केसांसारखी वाढणारी काळपट शैवले (ही वस्तुतः लाल शैवलांच्या गटातील आहेत) वायूच्या चढउतारानंतर हटकून दिसतात, असा मत्स्यालय बाळगणाऱ्यांचा अनुभव आहे. कायम १२ मिग्रॅ. प्रमाण असलेली टाकी एक आठवडा ३० व दुसरा आठवडा ५ मिग्रॅ. असणाऱ्या टाकीपेक्षा बहुधा निकोप राहते.

किण्वन व वायूचा हिशेब : साखरेतील सुक्रोजाचे यीस्टमधील इन्व्हर्टेज या एंझाइमामुळे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होते आणि त्यांच्यापासून एथिल अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतात. सिद्धांततः ३४२ ग्रॅ. सुक्रोजापासून १७६ ग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड व १८४ ग्रॅ. अल्कोहॉल मिळते. दोनशे ग्रॅम साखरेपासून याप्रमाणे सुमारे १०३ ग्रॅ. वायू, म्हणजे २५° से. तापमानास सुमारे ५७ लि. वायू निघावा. प्रत्यक्षात काही साखर यीस्टच्या पेशींच्या वाढीस लागते व काही तशीच उरते, म्हणून उत्पन्न याहून कमी असते.

हा वायू पंधरा दिवसांत सारख्या गतीने निघाला असे मानल्यास मिनिटाला सुमारे २.६ मिलि. वायू मिळेल. नळीच्या तोंडाशी येणारा बुडबुडा ०.१ मिलि. चा धरला तर मिनिटाला २६ बुडबुडे होतात. आता ८० लि. पाण्यात दर लिटरला २० मिग्रॅ. प्रमाण ठेवण्यासाठी एका वेळी केवळ १.६ ग्रॅ. वायू विरघळलेला असावा लागतो. बाटली मात्र दिवसाला जवळजवळ ७ ग्रॅ. वायू देते. म्हणजे पाण्यात असावयाच्या साठ्याच्या चौपट वायू रोज पुरविला जातो आणि त्याचा मोठा भाग पाण्याच्या पृष्ठभागातून हवेत निघून जातो. वायू कमी पडतो अशी तक्रार असते तेव्हा बाटल्या वाढविण्याआधी ही गळती पाहणे शहाणपणाचे ठरते. गाळणयंत्राचा (फिल्टरचा) पाण्यावर आदळणारा झोत खाली वळविणे एवढ्यानेच पुष्कळदा काम भागते.

एकूण किती वायू मिळणार हे साखरेवर ठरते, यीस्टवर नाही. यीस्ट दुप्पट घातल्याने वायू दुप्पट मिळत नाही. तो लवकर निघून लवकर संपतो. साखर मात्र हवी तितकी वाढविता येत नाही. अतिसंहत (फार घट्ट) पाकात परासरणी दाबामुळे पेशींतील पाणी ओढले जाऊन यीस्ट मंदावते. शिवाय पावाचे यीस्ट अल्कोहॉलाचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास गेले की थकू लागते व आणखी थोडे वाढले की निकामी होते. १.२ लि. पाण्यात २०० ग्रॅ. साखर घेतल्यास सर्व साखर आंबल्यावर अल्कोहॉलाचे प्रमाण याच मर्यादेपाशी येते. म्हणून घरोघरी वापरले जाणारे हे प्रमाण सयुक्तिक आहे. मद्यनिर्मितीसाठी वापरतात ते यीस्ट अधिक अल्कोहॉल सहन करते व त्याची बाटली जास्त दिवस चालते, परंतु ते सहज मिळत नाही. गोव्यात पावाचे पीठ फुगविण्यासाठी माडाची सूर वापरण्याची जुनी पद्धत होती. सुरेतही नैसर्गिक यीस्ट असते, पण त्यासोबत इतर सूक्ष्मजंतूही असल्याने या कामी ती भरवशाची नाही.

रचना : बाटली वायुमिश्रित पेयांची, दोन लिटर क्षमतेची व पेट या प्लॅस्टिकची घेतात. ही बाटली मुळातच काही वातावरणांचा दाब सहन करण्यासाठी केलेली असते. काचेची बाटली किंवा बरणी कदापि वापरू नये. नळी तुंबल्यास आत दाब साचत जातो. पेटची बाटली फुगून टणक होते व त्यामुळे धोक्याची सूचना मिळते, काच मात्र काही न सांगता फुटते.

झाकणाला नळीच्या बाह्य व्यासापेक्षा किंचित लहान छिद्र पाडून, नळीचे टोक तिरपे कापून ते आतून ओढून घेतात. झाकणे बहुधा पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीन यांची असतात व त्यांना सिलिकोनाचे लुकण (सांधा बंद करण्याचा लगदा) नीट चिकटत नाही. म्हणून लुकणावर भिस्त न ठेवता छिद्रच घट्ट असावे. नळी सिलिकोनाची असल्यास तिच्या भिंतीतूनच बराच कार्बन डाय-ऑक्साइड निसटतो. त्या मानाने पीव्हीसीची नळी अधिक वायुरोधी असते. साबणाचे पाणी सांध्यांवर लावल्यास गळती असलेल्या ठिकाणी फुगे येतात. बाटली दाबून पाहिली असता मऊ लागत असेल आणि आत फेस दिसत असेल तर वायू कोठेतरी निसटत आहे, असे समजावे.

बाटली व टाकी यांच्यामध्ये एक लहान बाटली अर्धी पाणी भरून ठेवतात. मोठ्या बाटलीची नळी तिच्या पाण्यात बुडलेली असते व टाकीकडे जाणारी नळी पाण्याच्या वर उघडते. हिचे तीन उपयोग होतात. फेसाबरोबर येणारे यीस्ट तीत अडते, वायूबरोबर येणारी अल्कोहॉलाची वाफ काही अंशी विरघळते आणि बुडबुडे मोजता येतात. ती वगळल्यास एखाद्या उन्हाळी दिवशी फेस चढून साखरेचे पाणी टाकीत जाते. त्यावर सूक्ष्मजंतूंची प्रचंड वाढ होऊन पाणी दुधाळ होते व एका रात्रीत ऑक्सिजन संपून मासे मरतात.

लहान बाटलीच्या पुढे एकदिश झडप (एकाच दिशेने वायू जाऊ देणारी झडप) असावी. यीस्ट थकल्यावर अथवा रात्री तापमान उतरल्यावर बाटलीतील वायू आकुंचन पावतो, पाणी नळीतून मागे खेचले जाते आणि बाटली टाकीच्या पातळीखाली असल्यास सायफनक्रियेने टाकी रिकामी होऊ लागते. झडपेतील रबराची चकती काही महिन्यांत कडक होते. तोंडाने फुंकून पाहून ती वेळीच बदलावी. बाटली टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवल्यास टाकी रिकामी होण्याचा धोका टळतो, तथापि फेस उतरण्याचा वाढतो. लहान बाटली व झडप या दोन्ही असतील तर बाटली कोठेही ठेवता येते.

वायू पाण्यात विरघळविण्याचे उपाय अनेक आहेत. सच्छिद्र चिनी मातीच्या चकतीतून अतिसूक्ष्म बुडबुडे निघतात, पण तिला दाब लागतो व यीस्टचा जोर ओसरला की ती प्रथम बंद पडते. शैवल व सूक्ष्मजंतू यांनी तिची छिद्रे बुजतात. पातळ केलेल्या विरंजक द्रवात (ब्लीचमध्ये) ठेवून व नंतर भरपूर पाण्याने धुऊन ती मोकळी करतात. वायू गाळणयंत्राच्या शोषनलिकेत सोडल्यास त्याच्या फिरत्या पंख्याने बुडबुड्यांचा चुरा होतो. हा उपाय स्वस्त व परिणामकारक आहे. सर्वांत साधा उपाय म्हणजे पाण्यात पालथी बसविलेली वाटी किंवा बाटलीचा कापलेला तळ. तिच्याखाली साचलेला वायू संपर्कपृष्ठातून सावकाश विरघळतो. बाटलीने कितीही वायू दिला तरी जादा वायू कडेने निसटून जातो व पाण्यातील प्रमाण वाटीच्या क्षेत्रफळाने मर्यादित राहते. नवशिक्याने येथूनच आरंभ करावा, हे बरे. पाण्यात विरघळलेले नायट्रोजन व ऑक्सिजन उलट वाटीत शिरत असल्याने काही दिवसांनी तीत मुख्यतः हवाच उरते. म्हणून ती आठवड्यातून एकदोनदा तिरपी करून रिकामी करावी लागते.

निगा : नवी बाटली लावताना १.२ लि. पाण्यात २०० ग्रॅ. साखर विरघळवितात. क्लोरीनयुक्त नळाचे पाणी एक रात्र उघडे ठेवणे किंवा उकळून गार करणे चांगले. कोरडे यीस्ट सुमारे एक ग्रॅम (चहाचा पाव चमचा) घेऊन ते ३५° ते ४०° से. तापमानाच्या कपभर पाण्यात चिमूटभर साखरेसह दहापंधरा मिनिटे भिजत ठेवतात. फेस आला म्हणजे यीस्ट जिवंत आहे. हात पोळेल इतके पाणी घेतल्यास ते मरते. मिश्रण बाटलीत ओतून बाटली चांगली हलवितात. किण्वनाला ऑक्सिजन लागत नसला, तरी नव्या पेशींची आवरणे तयार होण्यासाठी आरंभी थोडा ऑक्सिजन हवा असतो. फेसासाठी बाटलीचा सुमारे एक तृतीयांश भाग रिकामा ठेवतात.

यीस्ट आपल्या भोवतालचा द्रव आम्ल करीत जाते. एक चिमूट खाण्याचा सोडा घातल्यास ही आम्लता काही प्रमाणात आवरते व बाटली थोडी अधिक टिकते. शुद्ध साखरेत यीस्टला लागणारे नायट्रोजन व खनिजे नसतात. साखरेच्या दहाव्या हिश्श्याइतका गूळ मिसळल्यास ही उणीव काहीशी भरून निघते, मात्र फेस वाढतो. सोडा व गूळ यांच्या प्रमाणांविषयी जितके घरगुती पाठ प्रचलित आहेत तितका त्यांच्या परिणामांत फरक नसतो.

वायूची निर्मिती बारा ते अठ्ठेचाळीस तासांत जोर धरते, पहिल्या आठवड्यात शिखर गाठते व नंतर उतरत जाते. हा चढउतार सपाट करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे एकाऐवजी दोन बाटल्या ठेवून त्या आळीपाळीने भरणे. पहिली बाटली महिन्याच्या पहिल्या दिवशी भरली तर दुसरी आठव्या दिवशी भरावी; एकीचा उतार दुसरीच्या चढाने भरून निघतो. त्रिमुखी जोडाने दोन्ही नळ्या एकत्र आणतात व प्रत्येक बाटलीला स्वतंत्र एकदिश झडप लावतात. तसे न केल्यास एक बाटली उघडताच दुसरीचा वायू तिच्यातून निघून जातो. बाटली संपेपर्यंत न थांबता बुडबुडे शिखराच्या निम्म्यावर येताच ती बदलणे श्रेयस्कर होय. यासाठी रोज एका ठरावीक वेळी मिनिटाचे बुडबुडे मोजून टिपून ठेवावेत. आठपंधरा दिवसांची ही नोंद कोणत्याही पाठापेक्षा अधिक उपयोगी पडते.

दुसरा मार्ग जेलीचा आहे. साखर गरम पाण्यात विरघळवून तीत चायना ग्रास (आगर) किंवा जिलेटीन घालून बाटलीच्या तळाशी थिजवितात व वर यीस्टयुक्त पाणी ओततात. जेलीतून साखर हळूहळू बाहेर येते, त्यामुळे यीस्टला एकदम सर्व साखर मिळत नाही व वायू अधिक काळ समगतीने निघतो. जिलेटीन उन्हाळ्याच्या तापमानात वितळते. आपल्याकडे आगरच उपयुक्त ठरते.

तापमानाचा परिणाम सर्वांत मोठा आहे. यीस्टचे काम ३०° से. च्या सुमारास जोमाने चालते, १५° से. च्या खाली फारच मंदावते आणि ४०° से. च्या वर पेशी दुर्बल होतात. विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पंधरा दिवसांची बाटली आठवड्यात संपून जाते व पहिले तीनचार दिवस वायूचा भडिमार होतो. डिसेंबरात दख्खनच्या पठारावर तीच बाटली रात्री जवळजवळ स्तब्ध होते. उन्हाळ्यात यीस्ट निम्मे करून बाटली पाण्याच्या बादलीत ठेवणे व थंडीत ती लोकरी कापडात गुंडाळून टाकीशेजारी ठेवणे, हे सोपे उपाय आहेत. वर्षभर एकच प्रमाण वापरणे ही चूक सर्रास आढळते.

बाटली बदलताना प्रथम टाकीकडील नळी पाण्याबाहेर काढून नंतरच झाकण सावकाश सैल करावे. वरचा द्रव ओतून तळाशी बसलेला यीस्टचा साका अर्धा कप ठेवला व त्यावर नवे साखरपाणी घातले तर नवे यीस्ट लागत नाही आणि वायू काही तासांतच सुरू होतो. असे दोनतीन वेळा करता येते. त्यानंतर इतर सूक्ष्मजंतू शिरतात. द्रवाला शिर्क्याचा किंवा कुजका वास येऊ लागला की सर्व फेकून बाटली गरम पाण्याने धुवावी. टाकून द्यावयाचा द्रव पिण्यासाठी नाही. नळ्या महिन्यातून एकदा सोडवून त्यांतील बुळबुळीत थर काढावा.

मापन : बुडबुड्यांवरून निर्मिती समजते, पाण्यातील प्रमाण समजत नाही. ते काढण्यासाठी पाण्याचे पीएच मूल्य (अम्लता वा क्षारता दर्शविणारा अंक) व कार्बोनेट दुष्फेनता (बायकार्बोनेटांमुळे येणारा पाण्याचा जडपणा) मोजतात. दुष्फेनता जर्मन अंशांत मांडल्यास (१ अंश म्हणजे दर लिटरला सुमारे १७.९ मिग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट) तिची तिप्पट ही पीएच ७ असताना दर लिटरमधील कार्बन डाय-ऑक्साइडाचे मिग्रॅ. दर्शविते, पीएच एका अंकाने उतरल्यास प्रमाण दहापट होते. उदा., दुष्फेनता ४ अंश असताना पीएच ७ ला १२, ६.८ ला सुमारे १९ व ६.६ ला सुमारे ३० मिग्रॅ. वायू असतो. ०.२ इतक्या लहान फरकाने दीडपट वाढ होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

हे गणित पाण्यात बायकार्बोनेटाव्यतिरिक्त पीएच बदलणारे पदार्थ नसतील तरच लागू पडते. टाकीत लाकडाचे ओंडके असल्यास त्यांतील टॅनिनांमुळे पीएच उतरतो व तक्ता नसलेला वायू दाखवितो. यासाठी काचेच्या लहान कुपीत ४ अंश दुष्फेनतेचे तयार पाणी व ब्रोमोथायमॉल ब्ल्यू हा दर्शक घालून ती टाकीत अशी लटकवितात की तिच्यातील द्रव व टाकीतील पाणी यांमध्ये हवेची पोकळी राहते. या पोकळीतून फक्त वायूच आत येतो. द्रव निळा असल्यास वायू अपुरा, हिरवा असल्यास योग्य व पिवळा असल्यास धोकादायक समजतात. कुपीत टाकीचेच पाणी भरल्यास तिचा उद्देशच विफल होतो. रंग पालटण्यास एकदोन तास लागतात, म्हणून आणीबाणीत कुपीकडे न पाहता माशांकडे पाहावे.

पाण्याचा मूळ गुणही विचारात घ्यावा लागतो. सह्याद्रीतील धरणांतून शहरांना मिळणारे पाणी सामान्यतः मृदू असते. त्यात बायकार्बोनेट थोडे असल्याने वायूमुळे पीएच झपाट्याने उतरतो. पठारावरील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा दुष्फेन असते व तेथे तेवढाच वायू सोडूनही पीएच फारसा हलत नाही. एका गावचे पीएच मूल्य दुसऱ्या गावी प्रमाण मानणे म्हणूनच चुकीचे आहे.

माशांची सुरक्षितता : दिवसा वनस्पती वायू वापरतात, दिवा मालवल्यावर त्या स्वतःच श्वसनाने तो सोडू लागतात आणि बाटली तर चालूच असते. त्यामुळे पहाटे कार्बन डाय-ऑक्साइड सर्वांत जास्त व ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. पाण्यातील वायू वाढला की तो माशाच्या रक्तातही वाढतो व हीमोग्लोबिनाची ऑक्सिजन धरून ठेवण्याची क्षमता घटते. यामुळे पाण्यात पुरेसा ऑक्सिजन असतानाही मासे गुदमरू शकतात. उन्हाळ्यात स्थिती अधिक बिकट असते, कारण २५° से. तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतील सुमारे ८.३ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो, तर ३२° से. ला सुमारे ७.३ मिग्रॅ. च मावतो.

रात्री वायू बंद करावा म्हणून नळीला चिमटा लावणे धोक्याचे आहे. किण्वन थांबत नाही व दाब वाढतच राहतो. त्याऐवजी दिवा मालवल्यावर हवेचा पंप चालू होईल अशी व्यवस्था करतात. हवेच्या बुडबुड्यांनी पाण्याचा पृष्ठभाग ढवळला जाऊन जादा कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व ऑक्सिजन आत येतो. रात्रीपुरती नळी टाकीबाहेर काढून ठेवली तरी चालते, मात्र सकाळी ती परत घालण्याची आठवण राहिली पाहिजे.

नवी बाटली लावल्यानंतरची दुसरी व तिसरी सकाळ ही पाहणीची वेळ होय. मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून राहिले, कल्ले जलद हलू लागले किंवा कोळंब्या निश्चल झाल्या तर नळी लगेच काढावी, हवा जोराने सोडावी व एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे. बेटा, गुरामी यांसारखे हवेतून श्वसन करणारे मासे एरवीही पृष्ठभागावर येतात, म्हणून त्यांच्यावरून अनुमान काढू नये. पीएच वाढविण्यासाठी टाकीत सोडा घालणे घातक ठरू शकते. पीएच एकाएकी वाढल्यास पाण्यातील निरुपद्रवी अमोनियमाचे विषारी अमोनियात रूपांतर होते.

इतर पर्याय : शंभर लिटरपर्यंतच्या टाकीला एकदोन बाटल्या पुरतात, त्याहून मोठ्या टाकीसाठी बाटल्यांची संख्या व त्यांची उठाठेव इतकी वाढते की दाबनियंत्रक व विद्युत् झडप बसविलेला सिलिंडर घेणे अधिक सोयीचे ठरते. खाण्याचा सोडा व सायट्रिक अम्ल (लिंबाचे सत्त्व) यांच्या विक्रियेवर चालणारे संचही प्रचारात आहेत. त्यांत दोन बाटल्यांतील दाबाच्या फरकाने अम्ल थेंबाथेंबाने सोड्यावर येते व झडप बंद केल्यास विक्रिया थांबते. यीस्टच्या संचात नसलेली सोय येथे मिळते, पण दाब अधिक असल्याने झाकणे व झडपा दर्जेदार लागतात. अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बागेतील माती टाकीच्या तळाशी घालून तिच्यातील सेंद्रिय द्रव्याच्या कुजण्यातून मिळणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडावर वनस्पती वाढविण्याची पद्धत मांडली. तीत वायू थोडा मिळतो व वाढ संथ होते. मध्यम प्रकाशात वाढणाऱ्या क्रिप्टोकोरीन, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पतींना तेवढा पुरतो आणि बाटलीची गरज राहत नाही.